चार तासांवर राहणारा मुलगा

मुलासमोर गेल्यावर काय बोलायचं ते घड्याळजींनी घरूनच ठरवून आणलं होतं. "आलो बघ. चार तासांत आलो, या वयात." एवढंच बोलायचं, पुढे चकार शब्द नाही. मुलाने मान खाली घालावी, आपण पिशवी त्याच्या हातात द्यावी आणि गाडीत जाऊन बसावं. गेली तीन वर्षं ते मुलाशी बोलत नव्हते, आणि हे वाक्य ऐकवायचं म्हणून, केवळ तेवढ्यासाठी, हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसला होता. त्यांची थोरली मुलगी मात्र सगळ्यांना सांगत सुटली होती की बाबा निवळले, आपण होऊन भावाकडे निघालेत. बाबा कसले निवळतात! बाबा भांडण जिंकायला निघाले होते.

बाजारात त्यांना मिनिटराव म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. घड्याळदुरुस्तीचं दुकान एवढंसं. समोर काच, काचेमागे टेबल, टेबलावर भिंग, चिमटे आणि छोट्या वाट्यांमध्ये सुटे करून ठेवलेले घड्याळांचे भाग. हा धाकटा मुलगा शाळेत असल्यापासून त्या टेबलापाशी बसून केसासारखी स्प्रिंग बसवायला शिकला होता. हात इतका हलका की जुनी गिऱ्हाइकं म्हणत, मिनिटराव, पोरगा तुमच्याही पुढे जाणार. गेला खरा पुढे, पण तो दुकानातून उठून समुद्रापलीकडच्या एका शहरात, मोठ्या कारखान्यातली यंत्रं सांभाळायला. घड्याळजींनी त्याला जा म्हटलं नाही आणि जाऊ नकोस असंही म्हटलं नाही. मनातलं मनात ठेवायची त्यांना जन्माची खोड होती. रागावले की बोलणं बंद, आणि कशावरून बंद ते समोरच्याने ओळखायचं. ओळखता आलं नाही तर तोही त्याचाच गुन्हा.

धाकट्याने निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं, विमान सकाळी दहाला सुटतं आणि दुपारी दोनला तिकडे उतरतं. दहा ते दोन. घड्याळजींच्या डोक्यात चार तास पक्के बसले. त्यांना जरा बरंही वाटलं होतं. समुद्रापलीकडे म्हणजे केवढं लांब असेल असं वाटलं होतं, आणि निघालं तर हे. एका घड्याळाची नीट सफाई करायची म्हटली तरी तेवढा वेळ जातो. दुसऱ्या दिवशी दोन वाजल्यापासून त्यांचं लक्ष फोनकडे लागलं. एकच घड्याळ त्यांनी तीनदा उघडलं आणि तीनदा मिटलं. दुकान बंद करून घरी आले, हातपाय धुतले, जेवणं झाली, तरी फोन नाही. नऊ वाजून गेल्यावर केव्हातरी तो वाजला. बायकोने घेतला, बोलली, हसली, डोळे पुसले आणि म्हणाली, पोचला.

"दोनला पोचला," घड्याळजी म्हणाले. "आईबापांची आठवण आत्ता झाली."

ती काहीतरी सांगायला वळली. तोंड उघडलंही होतं. मग तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, जरा वेळ बघतच राहिली, आणि ताटं उचलून आत गेली. घड्याळजींना वाटलं, लेकाची बाजू घ्यायला तिला काही सापडलं नसेल.

थोड्याच दिवसांत तिने धोशा लावला की मला तिकडची वेळ दाखवणारं घड्याळ हवं, फोन करायचा तर पोरगं जागं आहे की झोपलंय ते कळायला नको का? कुणा गिऱ्हाइकाने परत न नेलेलं एक भिंतीवरचं घड्याळ घड्याळजींनी घरी आणलं. सात तास मागे लावलं आणि म्हणाले, स्वयंपाकघरात टांगतो. ती म्हणाली, नको, इथेच टांगा, तुमच्या घड्याळाच्या शेजारी, जेवायला बसलं की समोर दिसेल असं. टांगलं. पुढे कितीतरी वर्षं दोन्ही घड्याळांना किल्ली तेच देत आले. दोन्ही अगदी मिनिटाला मिनिट जुळलेली, मध्ये फक्त सात तास.

मुलगा दोन वर्षांतून एकदा यायचा, तीन-चार आठवडे राहायचा. घड्याळजी त्याच्याशी बेताचं बोलायचे. त्यांच्या दुकानासमोर औषधवाला होता. त्याचा मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला, तो रात्रभर रेल्वेत बसून प्रत्येक मोठ्या सुट्टीला घरी यायचा. घड्याळजींच्या ते डोळ्यांत सलायचं. रात्रभर रेल्वेत धक्के खात येणारा तो एक मुलगा, आणि चार तास खुर्चीत बसून यायचं जिवावर येणारा हा आपला. कुणी म्हणालं की मुलगा फार लांब असतो हो तुमचा, तर ते फटकन म्हणायचे, कसलं लांब! लोकांना वाटे म्हातारा मनाची समजूत घालतोय. त्यामुळे कुणी त्यांना खोडून काढलं नाही आणि कुणी पुढे काही विचारलंही नाही.

बायकोने मात्र दोनदा विचारलं होतं, आपण एकदा जाऊन येऊ या का. पहिल्यांदा ते नुसते हसले. दुसऱ्यांदा म्हणाले, "त्याला यायला काय धाड भरलीय? जवळ राहणाऱ्याने यायचं असतं." ती बरं म्हणाली. तिने त्या वेळी नवी शाल आणली होती, तिकडे थंडी असते म्हणून. ती शाल घडी न मोडता कपाटात गेली. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही.

मग ती आजारी पडली, आणि सगळं दोन दिवसांत होऊन गेलं. डॉक्टर म्हणाले, बोलवायचं त्यांना बोलवून घ्या, तेव्हा सकाळ होती. थोरलीने भावाला लगेच फोन केला, तो मिळेल त्या विमानाने निघतो म्हणाला. घड्याळजी इस्पितळात तिच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसले, दारावरच्या घड्याळाकडे तोंड करून. ते घड्याळ दोन मिनिटं पुढे होतं, तेही त्यांच्या लक्षात आलं होतं. दुपार झाली, दुपारची संध्याकाळ झाली. तिने डोळे उघडून विचारलं, "निघाला का तो?" निघालाय, येईलच आता, असं ते म्हणाले, आणि रागाने पुन्हा काट्याकडे बघितलं. तिने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "निघालाय ना," ती म्हणाली, "मग पोचलाच म्हणा." दिवे लागायच्या सुमारास ती गेली.

धाकटा दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आला. दारात उभा राहिला, चुरगळलेल्या कपड्यांत, डोळे लाल. थोरली त्याच्या गळ्यात पडून रडली. घड्याळजी जागचे हलले नाहीत. सगळ्या नातेवाइकांसमोर त्यांनी त्याला एकच वाक्य ऐकवलं.

"मनात असतं तर वेळेत पोचला असतास."

धाकट्याने वर बघितलं. आईने बघितलं होतं अगदी तसंच, जरा वेळ बापाच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग मान खाली घातली. उत्तर दिलं नाही. घड्याळजींनी त्याचा अर्थ त्यांना हवा तो घेतला: बोलायला जागाच नव्हती त्याला.

त्यानंतर तीन वर्षं अबोला. दर रविवारी धाकट्याचा फोन थोरलीकडे यायचा. ती फोन बापापुढे धरायची, आणि बाप उठून किल्ली द्यायला जायचा, ज्या घड्याळाला कालच किल्ली दिलेली असायची त्याला. शेवटी थोरली वैतागली. धाकट्याने तिकीट काढून पाठवलं तेव्हा तिने ते त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, जायचं तर जा, नाहीतर मी पुन्हा मध्ये पडणार नाही, तुमचं तुम्ही बघून घ्या. घड्याळजींनी तिकीट बघितलं. दहाला सुटणार, दोनला पोचणार. इतक्या वर्षांत तेच विमान, तीच वेळ. त्यांच्या मनात पहिल्यांदाच आलं: जाऊनच दाखवावं की! बघ म्हणावं, म्हातारा माणूससुद्धा चार तासांत येऊ शकतो.

थोरलीने पिशवीत पायमोजे भरले, गोळ्या भरल्या, मानेखाली घ्यायची उशी भरली. मधून मधून उठून पाय मोकळे करा म्हणाली, डोळा लागला तर झोपा म्हणाली. घड्याळजी मनातल्या मनात हसले. चार तासांसाठी उशी! पोरगी आईवर गेली आहे, जरा कुठे जायचं म्हटलं की घर बरोबर घेते. ते दिवसाउजेडी झोपणारे नव्हते आणि उशी तर त्यांनी घरीच काढून ठेवली.

विमान ठरल्या वेळेला सुटलं. याचं त्यांना फार समाधान वाटलं. वर गेल्यावर कानाला दडे बसले आणि विमान चालवणाऱ्याने काय सांगितलं ते नीट ऐकू आलं नाही. शेजारचा गृहस्थ पट्टा आवळून, तोंडावर रुमाल टाकून झोपला होता. जेवण आलं, ते त्यांनी स्वच्छ संपवलं. बारा वाजले, एक वाजला. पावणेदोनला ते उठले, तोंड धुऊन आले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं, बूट घातले. पिशवी वरून काढून मांडीवर घेतली. तिकीट खिशात आहे ना ते चाचपलं. आणि दोन्ही हात पिशवीवर ठेवून, स्टेशन यायच्या आधी दारापाशी उभं राहणारी माणसं असतात तसे, ताठ बसून राहिले. वाक्य मनात दोनदा म्हणून बघितलं. चांगलं जमलं होतं.

दोन वाजले. विमान होतं तिथेच होतं, म्हणजे आकाशात. खिडक्यांची झापडं बंद, दिवे मंद, आजूबाजूची माणसं पांघरुणं घेऊन पसरलेली. दोन वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा घड्याळजींनी जवळून जाणाऱ्या हवाई सुंदरीला थांबवलं आणि जरा कडक आवाजात विचारलं की विमान उशिरा आहे का.

ती म्हणाली, नाही आजोबा, अगदी वेळेवर आहे.

"मग? दोन वाजून गेले." त्यांनी मनगट पुढे केलं.

तिने घड्याळ बघितलं. हसली नाही, हे तिचे उपकार. खाली वाकून हळू आवाजात म्हणाली, "हे आपल्याकडचे दोन झाले, आजोबा. तिकडे आत्ता सकाळचे सात वाजलेत. आपण पोचणार ते तिकडच्या दोनला. अजून सात तास आहेत." आणि मग समोरच्या खुर्चीच्या पाठीवरचा पडदा तिने त्यांना लावून दिला. त्यावर नकाशा होता. निळ्या समुद्रावर एक इवलंसं विमान, मागे एक लांब रेघ, पुढे त्याहून लांब रेघ. खाली आकडे होते. उरलेलं अंतर पाच हजार किलोमीटरच्या वर. तिने पिशवी वर ठेवू का विचारलं. त्यांना ऐकू गेलं नसावं, त्यांचे डोळे त्या आकड्यांवर होते.

सात तास मागे. हे त्यांना कुणी शिकवायला हवं होतं? स्वतःच्या हाताने काटे मागे फिरवले होते. जेवायला बसलं की रोज समोर दोन्ही घड्याळं. तरी तिकिटावरची एक वेळ इथली आणि एक तिथली, हे एवढं साधं या माणसाच्या डोक्यात आलं नाही. येईल कसं? वजाबाकी करायची तर आधी राग खाली ठेवावा लागला असता.

पडद्यावरचं विमान हलत नव्हतं. बराच वेळ टक लावून बघितलं की थोडंसं सरकलेलं दिसे, तासाच्या काट्यासारखं. घड्याळजी बघत राहिले आणि एकेक गोष्ट त्यांच्यापुढे येऊन उभी राहू लागली. नऊनंतर आलेला तो पहिला फोन. म्हणजे पोराने विमानातून उतरल्या उतरल्या केला होता. कदाचित पिशव्याही ताब्यात घेतल्या नसतील. दोन वर्षांतून एकदा येणं. एवढा समुद्र ओलांडून यायचा, पहिले दोन दिवस भलत्या वेळी झोपायचा आणि आपण थोरलीला म्हणायचो, आळशी झालाय. आणि मग ते इस्पितळ, तो दोन मिनिटं पुढे असलेला काटा. निरोप मिळाल्याबरोबर निघाला होता तो. आई गेली तेव्हा इथेच कुठेतरी होता, या पाण्यावर, अशाच एका खुर्चीत, समोर अशीच एक रेघ घेऊन. ती आहे की गेली हे कळायलाही त्याला मार्ग नव्हता. त्याने सगळी वाट तसाच जीव मुठीत धरून काढली असेल. आणि दारात पाऊल ठेवलं तेव्हा आपण त्याला काय दिलं?

घड्याळजींना रडू आलं. शेजारचा जागा होईल म्हणून त्यांनी ते दाबून धरलं, मग दाबवेना तेव्हा तोंड झापडाकडे केलं. आपण माणूस म्हणून कमी पडलो असं त्यांना आजवर कधी वाटलं नव्हतं, कारण आपण वेळेचे पक्के आहोत यातच सगळं आलं असं ते धरून चालले होते. पुढचे सात तास ते झोपले नाहीत, उठले नाहीत, पाय मोकळे केले नाहीत. दुसऱ्यांदा जेवण आलं ते तसंच परत गेलं. त्यांना ते अंतर सगळंच्या सगळं बसून काढायचं होतं.

बाहेर आले तेव्हा पाय सुजून बुटांत मावत नव्हते. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळात दोन वाजून गेले होते आणि मनगटावरच्या घड्याळात रात्र झाली होती. लोखंडी कठड्यापलीकडे माणसांची गर्दी, तीत धाकटा. वाळला होता. कानांजवळचे केस पांढरे झाले होते, आणि ते कधी झाले हे घड्याळजींना माहीत नव्हतं. त्याने पुढे होऊन त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि कुणी परक्याला विचारावं तसं जपून विचारलं, की प्रवास कसा झाला.

घरून आणलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं होतं.

"लांब आहे रे," घड्याळजी म्हणाले.

धाकटा थांबला.

"मी चार तास धरून चाललो होतो. दहा ते दोन. इतकी वर्षं." त्यांनी मान खाली घातली. "तुला मी भलतंच बोललो."

"मला माहीत होतं, बाबा," धाकटा म्हणाला.

मग चालता चालता त्याने सांगितलं. तो इकडे आल्यावर पहिल्याच आठवड्यात आईने फोनवर सांगितलं होतं की यांना तू चार तासांवर आहेस असं वाटतंय. तो हसला होता, म्हणाला होता, मी समजावून सांगतो. तर तिने त्याला शपथ घातली. "ती म्हणाली, वाटू दे त्यांना जवळ. जवळ असून येत नाही म्हणून चिडतील, पण जेवतील, दुकानात जातील. खरं किती लांब आहे ते कळलं तर बसूनच जातील. शेजारीशेजारी घड्याळं टांगून घेतलीयत मी. सोसेल त्या दिवशी त्यांचं त्यांनाच दिसेल."

घड्याळजी चालायचे थांबले. ताटं उचलून आत जाणारी ती त्यांना दिसली. तिला सापडलं नव्हतं असं नाही. सगळं सापडलं होतं, आणि ते तिने उचलून आत नेलं होतं, नवऱ्याला लागू नये म्हणून. त्यापायी तिने स्वतःचं काय काय सोडलं ते त्या शालीला ठाऊक. ज्या रागाला ते आपला हक्क समजत होते तो तिने त्यांना आधाराला दिला होता, म्हाताऱ्याच्या हातात काठी द्यावी तसा.

"पण ती गेल्यावर?" त्यांनी विचारलं. "मी तुला सगळ्यांसमोर बोललो. तेव्हा तरी सांगायचंस."

"तेव्हा कसं सांगणार होतो?" धाकटा म्हणाला. "तुमच्याजवळ तेवढा रागच राहिला होता."

ते बाहेरच्या मोकळ्या जागेत आले. ऊन होतं, पण वारा चांगलाच गार. धाकट्याने आपलं जाकीट काढून बापाच्या खांद्यावर टाकलं. घराजवळ एक मनोरा आहे, त्याने सांगितलं, त्यावरचं घड्याळ कित्येक वर्षं बंद पडलंय. आईला फोनवर एकदा ते सांगितलं होतं, तर तिला कोण आनंद! म्हणायची, मी येताना यांना घेऊन येते, बघशील, बंद घड्याळ दिसलं की हात शिवशिवतील, महिनाभर हलायचे नाहीत. दर वेळी विचारायची, अजून बंदच आहे ना रे?

"अजून बंदच आहे," धाकटा म्हणाला. "फार यायचं होतं तिला इथे."

तो हे तक्रार म्हणून बोलला नव्हता. गाडीचं मागचं दार उघडून तो पिशवी आत ठेवत होता. घड्याळजी जाकिटाच्या दोन्ही कडा छातीशी धरून उभे राहिले.

"मनात असतं तर वेळेत आलो असतो," ते म्हणाले.

धाकट्याने तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. त्याने आताही दिलं नाही.